रविवारची मंडळी : वाचकांची पत्रं

गेल्या अंकात मी इलिनॉयमधल्या आमच्या युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट मंडळीवर दोन पानं लिहिली होती. मजकूर साधाच होता. देव्हाऱ्यात अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण असलेली, मूळची पेणची बाई दर रविवारी साडेदहाला एका चर्चमध्ये जाऊन बसते. तिथे देव मानणारे, न मानणारे, ज्यू घरातले, कॅथलिक घरातून बाहेर पडलेले, बौद्ध ध्यान करणारे सगळे एकाच बाकावर असतात. सप्टेंबर उजाडला की यांचं वर्ष सुरू होतं आणि जूनपर्यंत एक रविवार मोकळा जात नाही. त्यावर पत्रं आली, बरीच आली. ज्यांना येत्या दोन-तीन महिन्यांत काहीतरी ठरवायचं आहे त्यांना आधी घेतलंय. सुरुवात मात्र रागावलेल्या पत्राने करते, म्हणजे ते एकदाचं हातावेगळं होईल.

प्रश्न : काकू, गोल गोल लिहू नका. तुम्ही ख्रिस्ती झालात की नाही? (एक वाचक, सातारा)

नाही झाले. बाप्तिस्मा घेतला नाही, कुणी मागितलाही नाही. सभासद होताना एका जाड वहीत सही करायची असते, तेवढी केली. त्या वहीत माझ्या वरची सही एका निवृत्त भूगर्भशास्त्रज्ञाची आहे आणि तो स्वतःला ठाम नास्तिक म्हणवतो.

मुळं ख्रिस्ती आहेत, ते लपवायचं कारण नाही. पिता-पुत्र-पवित्र आत्मा हे त्रैक्य न मानता देव एकच म्हणणारे ते युनिटेरियन. देव कुणालाच कायमचा नरकात टाकणार नाही म्हणणारे ते युनिव्हर्सलिस्ट. अमेरिकेत पहिल्यांची संघटना १८२५ ची, दुसऱ्यांची १७९३ ची, आणि १९६१ मध्ये दोन्ही एक झाल्या. आज आमच्याकडे एका रविवारी बायबलमधला उतारा असतो, दुसऱ्या रविवारी उपनिषदातला, तिसऱ्या रविवारी नुसती कविता. अमुक गोष्टीवर विश्वास ठेवतो असं कुणाकडून वदवून घेत नाहीत. १९८५ पासून सात तत्त्वं होती. जून २०२४ मध्ये त्यांच्या जागी नवी मांडणी आली : मधोमध प्रेम, भोवती न्याय, समता, परिवर्तन, बहुविधता, परस्परावलंबन आणि औदार्य. या बदलावर आमच्या चर्चमध्ये जेवढं भांडण झालं, तेवढं देव आहे की नाही यावर झालेलं मी ऐकलेलं नाही.

आणि हो, घरी गणपती बसतो. दीड दिवसाचा. पेणच्या माहेरवाशिणीला तेवढं तरी हवंच.

प्रश्न : आमची सून अमेरिकन. ती आणि मुलगा विस्कॉन्सिनमध्ये तुमच्यासारख्याच चर्चमध्ये जातात. आम्ही दोघं ऑगस्टअखेर तिकडे निघालोय. सून म्हणाली, येताना थोडं पाणी आणा, सप्टेंबरात चर्चमध्ये कार्यक्रम आहे. पाणी कशाला? कृष्णेचं आणलं आणि तिथे ओतलं तर चालेल का? ह्यांना ते पटत नाही. (एक वाचक, सांगली)

ताई, सुनेने आठवणीने सांगितलं म्हणजे तुम्हाला पाहुणे म्हणून बाजूला बसवायचं नाही असं तिने ठरवलंय. चांगली मुलगी दिसते.

हा त्यांचा 'वॉटर कम्युनियन'. बहुतेक मंडळींमध्ये सप्टेंबरात, लेबर डेच्या (अमेरिकेतल्या कामगार दिनाच्या) आगेमागे, वर्ष सुरू होतं तेव्हा करतात. उन्हाळ्यात माणसं पांगलेली असतात, मिनिस्टर, म्हणजे चर्चचा धर्मोपदेशक, तोही सुटीवर असतो किंवा तीही असते, रविवारचा कार्यक्रम सभासदच कसाबसा चालवतात. मग परत एकत्र आल्याचा हा दिवस. याची सुरुवात १९८० मध्ये मिशिगनच्या ईस्ट लान्सिंगला झाली. युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट बायकांचा मेळावा होता, आणि कॅरोलिन मॅकडेड व लुसिल लाँगव्ह्यू या दोघींनी बायकांना सांगितलं, आपापल्या गावचं पाणी आणा, एका भांड्यात ओतू. म्हणजे धर्मग्रंथातून आलेलं काही नाही. माझ्या थोरल्या जावेच्या वयाचा विधी आहे.

प्रत्यक्षात होतं असं. पुढे टेबलावर काचेचं मोठं भांडं असतं. लोक रांगेने येतात, छोट्या बाटलीतलं पाणी ओततात, कुठलं ते एका वाक्यात सांगतात आणि जाऊन बसतात. मध्यंतरी याचं प्रवासाच्या फुशारकीत रूपांतर झालं होतं. हे आइसलंडचं, हे तस्मानियाचं, आणि ज्या बिचाऱ्याला सुटीच मिळाली नाही तो घरच्या नळाचं पाणी घेऊन खाली मान घालून उभा. म्हणून आता बऱ्याच ठिकाणी 'कुठून आणलं' असं न विचारता 'या वर्षी तुम्हाला कशाने तगवलं' असं काहीतरी विचारतात. सुनेला आधीच विचारून ठेवा, म्हणजे ऐन वेळी गडबड नको.

कृष्णेचं पाणी हातातल्या बॅगेत न्यायचं तर बाटली शंभर मिलीच्या आतली हवी. मोठ्या बॅगेत टाकणार असाल तर झाकणाला टेप लावून दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घाला, नाहीतर लाडू भिजतील. नाहीच जमलं तर मुलाच्या नळाचं घ्या आणि कृष्णेच्या नावाने ओता. निम्मे लोक तेच करतात. मात्र सांगायचं ते नीट सांगा. 'इंडियाहून' म्हणून बसू नका. सांगलीत पाऊस वाढला की सगळं गाव आयर्विन पुलाखालच्या पाण्याचे फूट मोजतं, हे मुलाला इंग्रजीतून एका वाक्यात सांगायला लावा. ते लोकांच्या लक्षात राहील.

यजमानांना काय पटत नाही ते पत्रात नाही. अंदाज करते : नदी दुसऱ्यांच्या विधीत गेली तर बाटेल. ती मिरजेला, नरसोबाच्या वाडीला आणि पुढे थेट आंध्रात जाऊन बाटली नाही, तर विस्कॉन्सिनच्या काचेच्या भांड्यात काय बाटणार?

दोन सूचना. ते पाणी पिऊ नका. तीर्थ म्हणून कुणी हातावर देणार नाही, पण आपला हात आपोआप पुढे जातो. कार्यक्रमानंतर ते झाडांना घालतात, किंवा काही ठिकाणी उकळून-गाळून वर्षभर ठेवतात आणि नव्या बाळाच्या स्वागताच्या वेळी त्याच्या कपाळाला लावतात. दुसरं, चपला काढायच्या नाहीत. दाराशी चपला काढून अनवाणी आत गेलेल्या मराठी आईवडिलांना मी पाहिलंय. थंडगार फरशीवर बिचारे तासभर पाय चोळत होते. साडी खुशाल नेसा. नंतर कॉफीच्या वेळी अनोळखी लोक मिठी मारायला येतील, नको असेल तर आधीच दोन्ही हात जोडून नमस्कार करा, समजतात.

जाता जाता, मुलगा मॅडिसनच्या आसपास असेल तर तिथलं युनिटेरियनांचं सभागृह बघून घ्या. फ्रँक लॉइड राइटचं काम आहे, १९५१ मध्ये पुरं झालेलं. शिकागोला उतरणार असाल तर ओक पार्कमधलं युनिटी टेंपल त्याच माणसाचं. जुनं चर्च १९०५ मध्ये वीज पडून जळलं, तेव्हा पैसे बेताचे म्हणून त्याने काँक्रीटमध्ये बांधलं. २०१९ मध्ये ते युनेस्कोच्या यादीत गेलं. बाहेरून बंद पेटीसारखं दिसतं, आत गेल्यावर वरून उजेड येतो.

प्रश्न : चर्चमध्ये लिलाव असतो असं तुम्ही लिहिलंत. लिलाव? (एक वाचक, पुणे)

असतो, ऑक्टोबरअखेर किंवा नोव्हेंबरात. वस्तूंचा थोडा, माणसांच्या हुन्नराचा जास्त. कुणी दोन तास बागकाम करून देतं, कुणी इन्कमटॅक्सचे कागद लावून देतं, एक आजोबा सायकली दुरुस्त करतात. मी आठ जणांना पुरणपोळीचं जेवण देते : कटाची आमटी, बटाट्याची भाजी, कोशिंबीर, कुरडया. त्या आठ जागांवर बोली लागते. गेल्या खेपेला दोन कुटुंबांची अशी चुरस लागली की शेवटी मला दोन जेवणं कबूल करावी लागली. पैसे चर्चच्या खर्चाला जातात. पुण्यातल्या वाचकांसाठी मुद्दाम सांगते : दुपारी एक ते चार या वेळेत स्वयंपाक करायला माझी हरकत नसते.

प्रश्न : मावशी, मी वर्षभर इथल्या चर्चला जातोय. ताट फिरतं त्यात पाच-दहा डॉलर टाकत होतो. आता पत्र आलंय, पुढच्या वर्षासाठी किती देणार तो आकडा लिहा. किती लिहू? नाही लिहिला तर काढून टाकतील का? मी एच-वन-बीवर आहे, नोकरीचा भरवसा नाही. (एक वाचक, शिकागोजवळ)

कुणी काढणार नाही, घाबरू नकोस. याला 'प्लेज' म्हणतात. बहुतेक ठिकाणी हे वसंतात करतात, काही ठिकाणी शरदात. तुझ्याकडे शरदातलं दिसतंय.

आधी हे लक्षात घे की या चर्चला वरून छदाम येत नाही. बिशप नाही, सरकार नाही, ट्रस्टची शेती नाही. मिनिस्टरचा पगार आणि आरोग्यविमा, ऑर्गनवाली बाई, हीटिंग, गळणारं छप्पर, जानेवारीत पार्किंगमधला बर्फ उपसणारा ट्रक, सगळं सभासदांच्या खिशातून. त्या बदल्यात सगळं सभासदांच्या हातात. मिनिस्टर कोण हे सभासद मतदानाने ठरवतात. अमेरिकेतल्या न्यू इंग्लंडच्या जुन्या प्युरिटन, म्हणजे कर्मठ ख्रिस्ती मंडळींनी १६४८ मध्ये तिथल्या केंब्रिजला लिहून ठेवलेली ही पद्धत, त्यांच्या या नास्तिक पणतवंडांनी जशीच्या तशी चालवली आहे.

आता आकडा. बऱ्याच ठिकाणी एक तक्ता देतात, उत्पन्नाच्या दोन टक्क्यांपासून सुरू होऊन वर चढत जाणारा. तो बघ, पण त्याने दबून जाऊ नकोस. तक्ता घर फिटलेल्या, मुलं मार्गी लागलेल्या माणसांना समोर ठेवून केलेला असतो. तुझ्यावर इथलं भाडं आहे, तिकडे आईबाबांना पैसे जात असतील. महिन्याला जेवढं गेलेलं तुला कळणार नाही, तेवढं बारा महिन्यांचं लिही. नोकरी गेली तर ऑफिसात एक ईमेल टाकायची, आकडा कमी होतो, कुणी वसुलीला येत नाही. फक्त एवढं बघ, की काही मंडळींच्या नियमांत वर्षात काहीतरी रक्कम दिलेली असेल तरच मतदानाचा हक्क असतो. तुला मत द्यायचं असेल तर थोडी का होईना, नावावर रक्कम असू दे. ताटातली रोकड कुणाची ते कळत नाही, आणि बऱ्याचदा त्यातला निम्मा भाग गावातल्या अन्नछत्राला किंवा बेघरांच्या निवाऱ्याला जातो.

आणि हिशेब बघ. बजेट सगळ्यांना पाठवतात, मे महिन्याच्या सुमाराला वार्षिक सभेत त्यावर मत घेतात. ती सभा म्हणजे आपल्या हाउसिंग सोसायटीची एजीएम. लाखाचं बजेट पाच मिनिटांत मंजूर आणि कॉफीचे कप कागदी की चिनी मातीचे यावर पाऊण तास. तरी जा. माझ्या मते या लोकांची खरी उपासना कमिटीतच चालते. रविवारी भाषण ऐकून माणूस कुणाचा होत नाही. खुर्च्या लावायच्या यादीत नाव घातलं की चौथ्या आठवड्याला सगळे नावाने हाक मारतात. तू तरुण आहेस, साउंड सिस्टिम तुझ्या गळ्यात पडणारच. पडू दे.

प्रश्न : आमची मुलगी सातवीत आहे. चर्चच्या रविवारच्या वर्गात आता लैंगिक शिक्षणाचा कोर्स सुरू होणार, वर्षभराचा. नवऱ्याची तयारी आहे. सासूबाई सध्या इथेच आहेत, त्यांना कळलं तर घरात महाभारत होईल. पाठवू का? (एक वाचक, न्यू जर्सी)

पाठवा. पाठवण्याआधी पालकांच्या सभेला तुम्ही दोघंही जा. ती सभा सक्तीची असते आणि त्यानंतर तुमची लेखी संमती लागते. कोर्सचं नाव 'आवर होल लाइव्ज'. युनिटेरियन युनिव्हर्सलिस्टांनी आणि युनायटेड चर्च ऑफ ख्राइस्टने मिळून तयार केलाय. बालवाडीतल्या मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत वेगवेगळे टप्पे आहेत, त्यातला सातवी ते नववीचा सगळ्यात जास्त चालतो. शिकवणाऱ्यांना आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं आणि वर्गात नेहमी दोन मोठी माणसं असतात. शरीर, गर्भनिरोधन, आजार हे सगळं आहेच. पण नाही कसं म्हणायचं, समोरच्याने नाही म्हटलं तर काय करायचं, मैत्रीत फसवणूक कशी ओळखायची, यावर बराच वेळ जातो. एक पेटी असते, तीत मुलं नाव न लिहिता चिठ्ठ्या टाकतात आणि पुढच्या वेळी उत्तरं मिळतात. आमच्याकडे हा वर्ग घेणारा माणूस एरवी दंतवैद्य आहे. तो म्हणतो, चिठ्ठ्यांमधले निम्मे प्रश्न 'मी नॉर्मल आहे ना' एवढेच असतात.

पालकांच्या सभेत चित्रं आणि साहित्य दाखवतात. ते बघताना तुम्हालाच घाम फुटेल. फुटू दे. तिथेच विचारायचं ते विचारा, घरी येऊन मुलीला उलटतपासणी करू नका.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांच्यापासून लपवू नका. वर्षभर दर रविवारी नात कुठे जाते हे त्यांना कळणारच, आणि लपवलंत याचा राग विषयाच्या रागापेक्षा मोठा असेल. 'शाळेत शिकवतात तसं शरीरशास्त्र, आणि मुलीने स्वतःला कसं जपायचं' एवढं सांगा. खोटं नाही ते. त्यांच्या पिढीत पहिल्या रात्रीपर्यंत कुणी काही सांगितलं नव्हतं, हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल.

आणि हो, याच मुलांचा पुढे नववी-दहावीच्या सुमाराला 'कमिंग ऑफ एज' असतो. आपण काय मानतो ते मुलाने स्वतः लिहायचं आणि भर चर्चमध्ये वाचायचं. कुणी म्हणतं देव आहे, कुणी म्हणतं नाही, एकाने आमच्याकडे फक्त आपल्या कुत्र्याबद्दल लिहिलं होतं. टाळ्या सगळ्यांना सारख्याच. तुमच्या मुलीने तिथे आजीबद्दल लिहिलं, तर आजीला पुढच्या बाकावर बसवा.

प्रश्न : इथल्या वर्शिप कमिटीने मला 'दिवाळीचा रविवार' करायला सांगितलंय. वीस मिनिटं आणि मुलांचा वर्ग. मंडळीत मी एकटीच भारतीय. मला प्रदर्शनात ठेवल्यासारखं वाटतंय. नाही म्हणू का? (एक वाचक, मिनियापोलिस)

नाही म्हणायचा हक्क आहे, आणि कारण द्यायची गरज नाही. वाटतं ते उगाच वाटत नाही. या मंडळी बहुतांश गोऱ्या, शिकलेल्या, आणि खरं सांगायचं तर म्हाताऱ्या. रंगाने वेगळं कुणी आत आलं की यांच्या स्वागताला इतकं भरतं येतं की माणूस गुदमरतो. त्यांना ते कळतं, त्यावर ते कार्यशाळाही घेतात, आणि कार्यशाळेच्या दाराशी पुन्हा तुमचंच तसंच स्वागत करतात.

करणार असाल तर मात्र स्वतःच्या घरची दिवाळी करा. सगळ्या भारताची, अंधारावर प्रकाशाचा विजय वगैरे नको. ते मिनिस्टरने आधीच इंटरनेटवर वाचलेलं असतं. वसुबारसेला गायवासराची पूजा, नरकचतुर्दशीला पहाटे उटणं, थंडीत कुडकुडत आंघोळ, पायाखाली कारीट फोडायचं, मग फराळ. भाऊबीजेला भावाकडून काय उकळलं ते. वीस मिनिटं कमी पडतील. नऊवारी नेसून या असं कुणी सुचवलं तर म्हणा, मी रोज जे घालते तेच घालीन.

मुलांच्या वर्गाला किल्ला करू द्या. अंगणातली माती, दगड, भिजवलेलं पोतं, वर मोहरी पेरायची. आठवडाभर आधी पेरली तर कार्यक्रमापर्यंत हिरवं उगवतं. मिनेसोटाच्या थंडीत किल्ला आत, खिडकीशी ठेवा. शिवाजी महाराज पोस्टाने मागवावे लागतील. पणत्यांसाठी इमारतीच्या कमिटीला आधी विचारा. त्यांचा स्वतःचा विधी चषकात ज्योत पेटवून सुरू होतो, नाताळच्या आदल्या संध्याकाळी सगळं सभागृह मेणबत्त्या घेऊन उभं राहतं, तेव्हा जिवंत ज्योतीला त्यांची ना नसते. पण स्मोक अलार्म कुठे आहे ते त्यांनाच माहीत असतं. आणि चकल्या एकटीने तळत बसू नका. आदल्या शनिवारी चर्चच्या स्वयंपाकघरात सोऱ्या घेऊन जा, तिघाचौघांना कामाला लावा. रविवारच्या वीस मिनिटांत जे होणार नाही ते तिथे होईल.

प्रश्न : आमच्या महर्षी विठ्ठल रामजी शिंद्यांना इंग्लंडला याच युनिटेरियन लोकांनी नेलं होतं ना? मग आपल्याकडे ही मंडळी का नाहीत? (एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

होय, सर. जेबेझ संडरलंड नावाचे अमेरिकन युनिटेरियन धर्मोपदेशक १८९५-९६ मध्ये हिंदुस्थानात आले होते; पुण्याला भरलेल्या काँग्रेसच्या अधिवेशनालाही गेले होते. ब्राह्म आणि प्रार्थना समाजाच्या तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात शिकायला पाठवायचं, ही वाट त्या सुमाराची. जमखंडीचे शिंदे १९०१ मध्ये युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर तिथे गेले, सयाजीराव गायकवाडांची मदत झाली. तिथून ते 'सुबोध पत्रिके'ला पत्रं पाठवत. १९०३ मध्ये ॲम्स्टरडॅमच्या उदारधर्म परिषदेत बोलून ते परतले आणि मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. चर्चला जोडलेल्या रविवारच्या शाळा, तरुणांचे संघ, गरीब वस्त्यांतलं काम हे सगळं ते बघून आले होते. १८ ऑक्टोबर १९०६ ला परळला निराश्रित साहाय्यकारी मंडळाची पहिली शाळा निघाली, आणि त्यांची बहीण जनाक्का त्या कामात उतरली. युनिटेरियनांकडे शिकायला गेलेल्यांतला हा गडी घरचं काम घेऊनच परतला, असं माझं मत.

'आपल्याकडे का नाहीत' याचं अर्धं उत्तर असं, की आपल्याकडे प्रार्थना समाज होताच. ३१ मार्च १८६७ चा. आत्माराम पांडुरंग, मग भांडारकर, रानडे. एकेश्वरी उपासना, रविवारी जमणं, आणि गायला तुकोबा. तो युनिटेरियनांची शाखा कधीच नव्हता, त्यांचा सोयरा होता. बाकी भारतात मंडळी आहेत. मद्रासला विल्यम रॉबर्ट्स नावाच्या तमिळ माणसाने १७९५ मध्ये सुरू केलेली आहे. आणि मेघालयात जोवाईला हाजोम किसोर सिंग यांनी १८ सप्टेंबर १८८७ ला सुरू केलेली खासी मंडळी चांगली पसरली आहे. तिथे मिशनऱ्याने जाऊन काढली नाही. सिंगांनी स्वतःच विचार केला, मग कलकत्त्याचे युनिटेरियन चार्ल्स डॉल यांच्याशी पत्रव्यवहार झाला आणि आपल्यासारखे आणखी आहेत हे कळलं.

आमच्या चर्चमध्ये राममोहन रॉय थोडेफार माहीत आहेत, कारण ते १८३३ मध्ये ब्रिस्टलला युनिटेरियनांच्याच घरी पाहुणे असताना वारले. शिंदे कुणालाही माहीत नाहीत. येत्या ऑक्टोबरात, अठरा तारखेच्या जवळच्या रविवारी, भाषण माझ्याकडे आहे. शिंद्यांवर बोलणार आहे. गायकवृंदाला तुकोबांचा एक अभंग शिकवायला घेतलाय. 'ळ' काही केल्या निघत नाही, पण चाल पकडलीय. सर, तुमच्या भागात शिंद्यांची एखादी जुनी आठवण कुणी सांगत असेल तर संपादकांच्या पत्त्यावर नक्की कळवा.

प्रश्न : ह्यांना जाऊन महिना होईल. अंत्यसंस्कार गुरुजींनी केले, तेरावंही झालं. हे निवृत्तीनंतर इथल्या युनिटेरियन चर्चच्या बागेत काम करायचे, मी कधी गेले नाही. आता ती माणसं मेमोरियल सर्व्हिस करू म्हणतात. सगळं झाल्यावर पुन्हा हे कशाला? माझं इंग्रजी बेताचं आहे. मुलगी हो म्हणतेय. (एक वाचक, मिशिगन)

ताई, तुमचं झालंय, त्यांचं राहिलंय. तुमच्या यजमानांबरोबर वाफे खणणाऱ्यांना निरोप घ्यायला जागाच मिळाली नाही. फ्युनरल होममध्ये संस्कृत चाललं होतं तेव्हा ते मागे उभे असतील, कधी काय करायचं हे न कळता. हो म्हणा, घाई मात्र करू नका. याला दिवस पाळायचे नसतात. दोन महिन्यांनी, एखाद्या शनिवारी दुपारी ठेवा, भारतातून दीर-नणंद येणार असतील तर त्यांच्या सोयीने.

आधी मिनिस्टर घरी येईल आणि नुसतं विचारेल, ते कसे होते. मुलीला जवळ बसवा. तुम्ही मराठीत बोला, ती सांगेल. कार्यक्रमात तुम्ही बोलायची मुळीच गरज नाही. फोटोला हार घालायचा असेल तर आधी सांगा, त्यांना आवडेल. काळे कपडे घालायचे नाहीत. पांढरं किंवा रोजचं नेसा. एखादा अभंग लावायचा असेल तर मोबाईलवरचा चालतो. अस्थींचा विषय कुणी काढला, बागेत झाड लावू का, बाक बसवू का असं विचारलं, तर आत्ता ठरवणार नाही म्हणा. शेवटी लोक उठून दोन-दोन शब्द बोलतात. त्यात एखादा पंधरा मिनिटं बोलतोच. मिनिस्टरला आधीच सांगून ठेवा की आवरायला लावा.

जेवण त्यांची केअरिंग कमिटी करते. तुम्ही स्वयंपाकघरात शिरू नका. पण शाकाहारी, अंडं नको, हे लिहून द्या, नाहीतर सगळ्या सँडविचांत टर्की असेल. याआधीच घरी लझान्याचे चार डबे आले असतील. खाववत नसतील तर शेजारी द्या, डबे तेवढे नाव बघून परत करा.

त्यांना दुसरं काम सांगा. त्यांना काम हवं असतं, तुमच्याकडे ते पुष्कळ आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या सहीशिक्क्याच्या प्रती दहा-बारा काढून ठेवा. बँक, विमा, पेन्शन, सगळीकडे मागतात. गाडी तुम्ही चालवत नसाल तर सोशल सिक्युरिटीच्या कचेरीत कुणीतरी घेऊन जाईल. तिकडे भारतात फ्लॅट किंवा बँकखातं त्यांच्या नावावर असेल, तर त्या कामासाठी दाखल्याला अपोस्टिल (परदेशात चालावा म्हणून सरकारी शिक्का) करून घ्यावं लागतं. मिशिगनमध्ये ते लान्सिंगला, राज्याच्या 'ग्रेट सील'च्या कचेरीत होतं. बागेतल्या मंडळींपैकी कुणी निवृत्त असेल, त्यांना सांगा, एका सकाळी नेऊन आणतील.